मी नकला सोडल्या होत्या

बावीस वर्षांची असताना पावसाळ्याचे तीन महिने मी कोणाचीही नक्कल केली नाही. वाचणाऱ्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण तेव्हा कापडे गावातल्या आमच्या बौद्धवाडीत कोणाला विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं की पोर आजारी पडली असावी, किंवा तिला कोणीतरी नकार दिला असावा.

नकला मला कोणी शिकवल्या नव्हत्या. माणूस बोलायला लागला की माझं लक्ष तो काय म्हणतो यापेक्षा कसं म्हणतो याकडे जायचं. महाडच्या गाडीचा कंडक्टर तिकिटाचा चिमटा टकटकवत "पुढं जागा हाय, पुढं सरका" म्हणायचा, तेव्हा पुढं मुंगीलाही जागा नसायची. पोलादपूरच्या हायस्कुलातले आमचे गणिताचे सर प्रत्येक उदाहरण संपलं की फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणायचे, "समजलं? नाही समजलं. बसा." असे दहा-पंधरा आवाज माझ्याकडे होते. वाडीत लग्न असो की बारसं, जेवणं झाली की कोणीतरी मला पुढं ढकलायचं.

आवाज मात्र बाबांचा. बाबा महाडच्या कोर्टात पट्टेवाले होते. पक्षकारांची आणि साक्षीदारांची नावं दारात उभं राहून तीनदा पुकारायची, हे त्यांचं काम. समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेला माणूस कप ठेवून उठायचा, असा तो आवाज. आठवडाभर ते महाडला एका खोलीवर राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी यायचे. घरी आई, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान बहीण.

मी डी.एड. झाले आणि उमरठच्या वर डोंगरात एका वाडीवर एकशिक्षकी शाळेत लागले. गाडीतून उतरून अर्धा तास चढण चढायची. एकच खोली, एक फळा, चार इयत्ता. तिथं माझ्या नकला फार उपयोगाला आल्या. वजाबाकी मी महाडच्या दुकानदाराच्या आवाजात शिकवायची आणि धड्यातला कावळा थेट कंडक्टरसारखा बोलायचा. नाचणी-वरीची कामं सोडून पोरं शाळेत येत होती, ती बहुतेक त्या कावळ्यासाठी.

त्या वर्षी वर्षावासाला, म्हणजे भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एकाच जागी राहतात त्या काळात, महाडच्या विहारात एक भन्तेजी आले. विदर्भातले होते, किडकिडीत, हळू बोलणारे. दर रविवारी त्यांचं प्रवचन असायचं. बाबांनी मला एकदा बरोबर नेलं आणि नेमका त्या दिवशी विषय निघाला बोलण्याचा. पंचशील मी लहानपणापासून म्हणत आले होते. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं शील रोज सकाळी तोंडातून जायचं आणि दुपारपर्यंत विसरलेलं असायचं. भन्तेजींनी ते उलगडून सांगितलं. बोलण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्या, असं ते म्हणाले. हे खरं आहे का? हे हिताचं आहे का? आणि हे बोलायची ही वेळ आहे का? शिवाय नुसती वायफळ बडबड हीसुद्धा वाणीची चूकच, असंही त्यांनी सांगितलं.

परतताना गाडीत मी ते तीन प्रश्न बोटांवर मोजत होते. मला कोणीतरी नाव घेऊन बोलावल्यासारखं वाटत होतं. आजवर मी बौद्ध होते ती आईवडिलांमुळे, वाडीमुळे. आपण स्वतः काही स्वीकारलंय, असं मला कधी वाटलं नव्हतं. हे मात्र माझं होतं. घरी आल्यावर मी खडूनं दाराच्या मागं ते तीन प्रश्न लिहिले आणि दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. नक्कल म्हणजे दुसऱ्याचं सोंग, म्हणजे खोटं. वर बडबड. तेव्हा सगळ्यात आधी नकला गेल्या.

पुढचे दिवस घरच्यांना फार जड गेले. आईनं विचारलं, "भाजी कशी झालीय?" मी घास तोंडात धरून विचार करू लागले. खारट होती, म्हणजे खरं होतं. सांगितलं तर उद्या मीठ कमी पडेल, म्हणजे हिताचंही होतं. आता वेळ आहे की नाही याचा निर्णय होईपर्यंत आई ताटावरून उठली होती. शेजारणीनं तिचं दहा दिवसांचं बाळ माझ्यापुढं धरलं आणि विचारलं, कोणासारखं दिसतं? मी नीट निरखून सांगितलं, "अजून कोणासारखंच नाय." ती आठ दिवस आमच्या दारावरून तोंड फिरवून गेली. बहिणीनं नवं ओढणीचं कापड दाखवलं, त्यावर मी खरं तेच बोलले आणि तिनं ते पेटीच्या तळाशी टाकलं.

मला वाटायचं, लोकांना सत्य पचत नाही. आपण मात्र बरोबर चाललोय. खरं तर मी रोज थोडी थोडी रुक्ष होत होते आणि त्यालाच प्रगती समजत होते.

शाळेत कावळा गप्प झाला. धडा मी सरळ वाचून दाखवायची. पोरं मुकाट ऐकायची, खिडकीतून बाहेर बघायची. पंधरा दिवसांत चौथीतले दोघं गुरांमागं जायला लागले. एक दिवस दुसरीतली एक मुलगी पाटी घेऊन माझ्याजवळ आली. नेहमी पहिल्या ओळीत बसणारी, नाकात मोरणी घातलेली. तिनं खालच्या आवाजात विचारलं, "बाई, आधीच्या बाई कधी येणार?"

आधी मला कळलंच नाही. त्या शाळेत माझ्याआधी दोन वर्षं कोणी शिक्षकच नव्हता. मग कळलं, ती माझ्याबद्दलच विचारत होती. त्या दिवशी उतार उतरताना माझे डोळे भरून आले. मी कोणाशी खोटं बोलत नव्हते, कोणाची टवाळी करत नव्हते, आणि तरी एका लहान मुलीला वाटत होतं की तिच्या बाई कुठंतरी निघून गेल्या.

मी हे बाबांना सांगितलं. पुढच्या रविवारी त्यांनी मला पुन्हा महाडला नेलं. वर्षावास संपत आला होता. प्रवचन झाल्यावर माणसं पांगली आणि बाबांनी भन्तेजींना सगळं सांगून टाकलं, माझ्या नकलांसकट. मी खाली मान घालून बसले होते.

भन्तेजी म्हणाले, "माझी करता येईल का तुम्हाला?"

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग मी समजेन की येत नाही. हे मला लागलं. मी उठून मांडी घालून बसले, त्यांच्या खांद्यावरून घसरतं तसं भिक्खूचं चीवर दोनदा सावरलं, घसा साफ केला, मग न बोलताच समोरच्यांकडे एकेक करून पाहिलं आणि म्हणाले, "तर बघा." प्रवचनात ते दर पाच मिनिटांनी अगदी असंच म्हणायचे आणि त्यानंतर काय बघायचं ते सांगायला तेवढाच वेळ घ्यायचे. भन्तेजी हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. बाबांनी धावत पाणी आणलं.

शांत झाल्यावर ते म्हणाले, "यात कोण फसलं? तुम्ही भन्ते आहात असं कोणाला वाटलं?"

"नाही."

"मग खोटं कशात झालं? मी बोलणं तपासायला सांगितलं होतं, ताई. सोडायला नव्हतं सांगितलं." मग ते पुढं म्हणाले, "फक्त एक करा. ज्या माणसाची नक्कल कराल, ती त्याला समोर बसवून करता आली पाहिजे. जी तशी करता येणार नाही, ती सोडा."

मला खूप हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, पण महाडच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना मी मनातल्या मनात माझे सगळे आवाज एकेक करून त्या माणसांसमोर बसवून बघितले. कंडक्टर चालला असता, तो स्वतःच हसला असता. गणिताचे सर रागावले असते, पण चाललं असतं. मग पोस्टमनची पाळी आली.

आमच्या भागातला पोस्टमन बोलताना अडखळायचा. 'म' आला की गाडी थांबायची आणि दर दुसऱ्या घरी 'मनीऑर्डर' म्हणावं लागायचं. त्याची नक्कल ही माझी सगळ्यात गाजलेली नक्कल. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात मी ती केली, मांडव नुसता हसत होता, आणि मागं बांबूला टेकून तोच उभा होता. मला दिसला. मी थांबले नाही, कारण हसू मिळत होतं. नंतर पाहिलं तर तो निघून गेला होता. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

चार दिवसांनी तो मला रस्त्यात भेटला, सायकल हातात धरून चढ चढत होता. मी त्याला थांबवलं, त्या लग्नात तो मला दिसला होता हे सांगितलं आणि माफी मागितली.  तो पिशवीतली पत्रं नीट लावत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी बुंदी होती. माझी राहिली खायची." या वाक्यात तो कुठंही अडखळला नाही. मी त्याला रविवारी जेवायला बोलावलं. शनिवारी बाबांनी महाडहून बुंदीचे लाडू आणले. तो आला, पोटभर जेवला, चार लाडू खाल्ले आणि बाबांशी कोर्टातल्या एका जमिनीच्या भांडणाबद्दल तासभर बोलत बसला. त्याचा आवाज मी माझ्यातून काढून टाकला. पुन्हा कधी तो तोंडातून निघाला नाही, एकटी असतानासुद्धा नाही.

दुसरी अडचण याहून अवघड होती.

शाळेशेजारच्या घरात एक म्हातारी राहायची. घरात ती आणि तिची सून, मुलगा मुंबईला. मी कोणापैकी, हे तिनं मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि मी सरळ सांगितलं होतं. मधल्या सुट्टीत ती मला रोज चहा द्यायची. तो चहा कान तुटलेल्या एका कपात यायचा. कप पडवीच्या बाहेरच्या कोनाड्यात असायचा. ती तो खाली ठेवायची, मागं सरायची आणि भांडं उंच धरून वरून चहा ओतायची. चहा झाला की कप मीच धुऊन कोनाड्यात ठेवायचा. त्या कपाला दुसऱ्या कोणी हात लावत नव्हतं. ती माझी विचारपूस करायची, पाऊस वाढला की लवकर निघ म्हणायची, एकदा सुनेला सांगून माझ्यासाठी वालाच्या शेंगा काढून ठेवल्या होत्या. आणि कप वेगळा.

घरी मी तिची फार छान नक्कल करायची. उंचावरून ओतलेला चहा, उडालेला थेंब, "पी गो बाय" म्हणणं. आई, बहीण, शेजारी सगळे हसायचे आणि हसण्यात माझ्या मनातला काटा बोथट व्हायचा. तिच्यासमोर मात्र मी एक शब्द कधी काढला नव्हता. आता भन्तेजींच्या सांगण्याप्रमाणं दोनच वाटा होत्या. ती नक्कल एकतर तिच्यासमोर करायची, नाहीतर सोडायची. पोस्टमनची सोडणं बरोबर होतं, ही सोडली असती तर तो भित्रेपणा झाला असता. खरं होतं, हिताचंही होतं, आणि वेळ म्हणाल तर अशा गोष्टीची वेळ आपण आणल्याशिवाय येत नाही.

शाळा सुटल्यावर सासू-सून अंगणात शेंगा सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आजी, तुमची नक्कल करू का?"

"माजी? कर की," ती खूश होऊन म्हणाली.

मी तिची शेळीला हाक मारायची तऱ्हा केली, मुलाचं पत्र येत नाही म्हणून मुंबईच्या दिशेनं हात नाचवून बोलणं केलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती, सून तर मागं कलंडली होती. मग मी उठले, कोनाड्याकडे हात नेला, न दिसणारा कप उचलला, लांब ठेवला, मागं सरले आणि उंचावरून चहा ओतला. एक थेंब उडाला, तोही केला. "पी गो बाय."

हसणं थांबलं. सून शेंगांकडे बघायला लागली. म्हातारी कोनाड्याकडे बघत होती. मी पिशवी उचलली आणि "येते" म्हणून निघाले.  दुसऱ्या दिवशी चहा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, आता ही म्हातारी पोरांना शाळेत पाठवू नका म्हणून वाडीभर सांगणार.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं हाक मारली. मी गेले तर पडवीत घोंगडी टाकलेली आणि दोन स्टीलचे पेले, सारखेच. एक तिनं माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यो कप फुटला गो."

अंगणात तोच कप धडधाकट होता आणि एक कोंबडी त्यातून पाणी पीत होती. मी कोंबडीकडे पाहिलं, म्हातारीनं मी पाहिलेलं पाहिलं.  मी एवढंच म्हटलं की चहा गोड झालाय, आणि ते अगदी खरं होतं.

कावळा पुन्हा बोलायला लागला. गुरांमागं गेलेल्या दोघांपैकी एक परत आला, दुसरा नाही आला. मोरणीवालीनं पहिल्या दिवशी कावळा ऐकला आणि मागं वळून बाकीच्यांना सांगितलं, "आल्या."

दिवाळीनंतर बहिणीला बघायला माणसं यायचं ठरलं. महाडजवळच्या एका गावातली. मुलगा मुंबईला गिरणीत होता. हे स्थळ मामानं आणलं होतं आणि आणताना त्यानं मुलगी मॅट्रिक पास असल्याचं सांगून ठेवलं होतं. बहीण दहावीला गणित आणि इंग्रजीत नापास झाली होती. आईला ते ठाऊक होतं. बाबांना आवडलं नव्हतं, पण मामा म्हणाला, लग्नात एवढं तेवढं चालतं, आणि आईनं मामाची बाजू घेतली. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिनं मला बजावलं, "तुजा त्यो नेम उद्या एक दिस दारामागंच ठेव."

मी खरोखर अडचणीत सापडले. आधीचे महिने असते तर मी पाहुणे बसायच्या आत गुणपत्रिका पुढं केली असती. आता मी बहिणीलाच विचारलं. आम्ही दोघी विहिरीवर होतो. ती कळशी भरता भरता म्हणाली, "मला भीती वाटते, ताई. लग्न झाल्यावर कधीतरी कळेलच. तेव्हा मी एकटी असेन तिथं." मग म्हणाली, "तू सांग. पण ते भाजीचं सांगितलंस तसं नको सांगू."

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. वडील गप्प होते, बोलण्याचं काम आत्याकडे होतं. ती जाडजूड, मोठ्या कुंकवाएवढं हसू असलेली बाई होती आणि मुलाची नोकरी कायमची आहे, अगदी कायमची, हे तिनं चहा येईपर्यंत चार वेळा सांगितलं. मुलगा प्रत्येक वेळी चटईची काडी ओढत होता. पोहे झाले आणि आत्या माझ्याकडे वळली.

"तुमी मास्तरीण. बहिणीला मार्क किती पडले हो मॅट्रिकला?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मामानं छताकडे. मी बहिणीकडे पाहिलं आणि तिनं मान किंचित हलवली.

मी उठले, सगळ्यांकडे पाठ केली, भिंतीलाच फळा समजून हात वर नेला आणि गणिताच्या सरांच्या आवाजात बहिणीचं आडनाव पुकारलं. "मराठी, उत्तम. इतिहास, उत्तम. भूगोल, बरा. इंग्रजी," इथं मी सरांसारखा मोठा उसासा टाकला, "नापास. गणित. समजलं? नाही समजलं. बसा. पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा या." मग तोंड वळवून माझ्या स्वतःच्या आवाजात म्हटलं, "आत्या, ती दोन विषयांत नापास झालीय. पुन्हा बसणार आहे. तिला ते लपवून तुमच्या घरी यायचं नाही."

पहिल्यांदा बाबा हसले, कारण त्यांना हसू आवरलंच नाही. त्यांच्यामागून मुलाचे वडील. आत्या हसावं की रागवावं या विचारात मामाकडे बघत होती आणि मामा बशीतले उरलेले शेंगदाणे वेचत होता. तेवढ्यात मुलगा बोलला. आल्यापासून पहिल्यांदाच.

"मी पण कायम नाय," तो म्हणाला. "बदलीवर हाय. रोज सकाळी गेटवर उभा राहतो. कोण गैरहजर असला तर काम, नायतर घरी."

 आत्याचा चेहरा लाल झाला. बाबा मांडीवर हात ठेवून ताठ बसले आणि कोर्टाच्या दारात काढायचा तो आवाज काढून म्हणाले, "पुढचा साक्षीदार?"

मग मात्र कोणालाच धरवलं नाही. आत्यासुद्धा हसली, आणि सगळ्यांत शेवटपर्यंत तीच हसत होती. आई आत चुलीपाशी जाऊन हसली, कारण तिला माझ्यावर रागवायचं होतं. हसू ओसरल्यावर मुलानं बहिणीला सरळ विचारलं, गणितात काय अवघड जातं? ती म्हणाली, व्याज. तो म्हणाला, मलाही तेच. त्यापुढं मोठ्या माणसांनी काय ठरवलं याला फारसा अर्थ उरला नाही.

नंतर मामा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्याच्या दृष्टीनं जमत आलेलं लग्न माझ्यामुळं मोडता मोडता वाचलं होतं. त्याला मी काही पटवून दिलं नाही. तो चांगला मामा होता आणि त्याच्या पद्धतीनं त्यानं भाचीचं भलंच पाहिलं होतं, एवढं मात्र मी त्याला सांगितलं, कारण ते खरं होतं.

लग्न चैत्रात झालं. वाडीच्या समाजमंदिरापुढं मांडव, बहीण पांढऱ्या साडीत, वंदना, त्रिशरण-पंचशील, जेवणं. जेवणं झाल्यावर माझ्या नावाचा पुकारा झाला. मी कंडक्टर केला, सर केले, भन्तेजींचं "तर बघा" केलं. उमरठच्या वरून म्हातारी सुनेला घेऊन आली होती, तिनं शेळीची फर्माईश केली, तीही झाली. पोस्टमन पुढच्या रांगेत बसला होता.

मग आत्या उठली. म्हणाली, रोज हीच आपली नक्कल करते, आज हिची मी करते. ती माझ्या जागी येऊन उभी राहिली, पदर कमरेला खोचला आणि नवऱ्यामुलाला म्हणाली की मला विचार, चहा घेणार का? त्यानं विचारलं. आत्यानं लगेच उत्तर दिलं नाही. तिनं मान जराशी डावीकडे कलवली, डोळे वर मांडवाकडे नेले, ओठ मिटले, आणि चहा कोणत्या देशात पिकतो इथपासून विचार करत असल्यासारखी उभी राहिली. खूप वेळानं तिनं मान खाली आणली आणि कंडक्टरच्या आवाजात म्हणाली, "घेईन. पुढं सरका."

मांडव कोसळेल असं लोक हसले. मी मात्र क्षणभर चकित होऊन बघत राहिले. बोलण्याआधी मी थांबते, वर बघते, हे मला माहीतच नव्हतं. जे मी दाराच्या मागं खडूनं लिहून, दात-ओठ खाऊन पाळत होते, ते केव्हातरी माझ्या मानेत आणि डोळ्यांत जाऊन बसलं होतं, आणि कंडक्टरही तिथंच होता. लोकांना त्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नव्हत्या. त्यांना एकच बाई दिसत होती. आई डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "अगदी तशीच हाय."

बहीण त्या ऑक्टोबरला इंग्रजीत सुटली आणि गणितात पुन्हा राहिली. पुढच्या मार्चमध्ये गणितही सुटलं. तेव्हा ती मुंबईत होती आणि तिचा नवरा अजून बदलीवरच होता. व्याजाची उदाहरणं दोघांनी मिळून सोडवली, असं तिनं पत्रात लिहिलं. मी त्या डोंगरावरच्या शाळेत आणखी सहा वर्षं होते.